बीएस 6 गाडी उन्हात झटके मारते, बंद पडते : ईसीएम बदलायच्या आधी पेट्रोलचं प्रेशर मोजा

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंची गाडी 2021 ची 125 सीसी बीएस 6 (म्हणजे धुराच्या नवीन नियमांची, इंजेक्टरवाली) बाईक आहे. सकाळी मस्त चालते, पण दुपारी नागपूरच्या सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास फसली की रेस देताना झटके मारते, 60 च्या वर ओढत नाही आणि कधी कधी सिग्नलवर बंदच पडते, मग पंधरा-वीस मिनिटं सावलीत उभी ठेवली की सेल्फवर लगेच चालू. एका गॅरेजवाल्यानं प्लग आणि एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर (इंजिनमध्ये पेट्रोल फवारणारा पार्ट) साफ केला, फरक शून्य. दुसरा म्हणतो ईसीएम (इंजेक्शन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गेला, नऊ-दहा हजार लागतील. तिसरा म्हणतो इंजेक्टर काढून कार्बोरेटर बसवून देतो, झंझटच नको. आणि त्यांना हेही समजून घ्यायचं आहे की इंजेक्टरवाल्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे ठरवते कोण.

मी नागपुरातच गॅरेज चालवतो, हात कार्बोरेटरवर बसला आणि नंतर इंजेक्शनवर आलो, तर दोन्ही बाजूंनी सांगतो. आधी उत्तर घ्या : ईसीएम बदलू नका, कार्बोरेटर तर मुळीच बसवू नका, पेट्रोलच्या लाईनमधलं प्रेशर मोजून घ्या, आणि तेही गाडी गरम असताना, ती झटके मारून राहिली तेव्हाच. थंड गाडीवर घेतलेलं एकटं रीडिंग तुमच्या केसमध्ये काही कामाचं नाही.

आता कारण सांगतो, थोडं लांब होईल पण वाचा, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढे कोणी तुम्हाला उगाच पार्ट विकू शकणार नाही.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा लागते. हे शुद्ध पेट्रोलचं गणित. इथेनॉलला 9 च्या आसपासच हवा लागते, म्हणून ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी हा आकडा 13.5 च्या जवळ येते. आपण एक्सिलरेटर पिळतो तेव्हा पेट्रोल वाढवत नाही, हवा वाढवतो, हवेच्या वाटेतली थ्रॉटलची चकती उघडते एवढंच. (डिझेलमध्ये उलटं असते, तिथे हवा अडवायची भानगड नाही, पॉवर फक्त डिझेल कमीजास्त करून मिळते, म्हणून तर जुन्या ट्रॅक्टरच्या पंपात गव्हर्नर लागतो.) पेट्रोल इंजिनमध्ये त्या आत गेलेल्या हवेच्या वजनाप्रमाणे पेट्रोल पोचवायचं, प्रत्येक फेरीला, हेच सगळं काम आहे.

कार्बोरेटर हे काम हवेच्या ओढीवर करायचा. वेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथलं प्रेशर पडते, आणि फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे खालच्या छोट्या वाटीतलं, पेट्रोल जेटमधून (बारीक भोकातून) वर ओढलं जाते. स्लोवर (एक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना) पायलट जेट, मधल्या रेसला नीडल, फुल थ्रॉटलला मेन जेट. फार हुशार वस्तू आहे, मला अजूनही एखादा कार्बोरेटर नीट ट्यून करायला आवडते. पण त्याला हवेचं तापमान कळत नाही, आणि नागपुरात हीच मोठी अडचण आहे. जानेवारीत सकाळी आपल्याकडे 10 डिग्री असते आणि मे मध्ये दुपारी 45. 10 डिग्रीच्या हवेपेक्षा 45 डिग्रीची हवा साधारण 11 टक्के हलकी असते. तेवढ्याच उघडलेल्या थ्रॉटलमधून वजनाने तेवढी कमी हवा आत जाते, पण जेटमधून येणारं पेट्रोल मात्र त्याच्या निम्म्यानेच कमी होते, म्हणजे हिवाळ्यात बरोबर लावलेला कार्बोरेटर उन्हाळ्यात साधारण सहा टक्के रिच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलवर, चालते. शिवाय फ्लोट चेंबर इंजिनला चिकटून, पेट्रोल उकळायला लागते, गाडी उभी करून पाच मिनिटांनी किक मारा तर प्लग ओला. चिखलदऱ्याला जुनी गाडी घेऊन गेलेल्यांना वर गेल्यावर काळा धूर आणि मेलेला पिकअप आठवत असेल, तेही हेच, वर हवा अजून पातळ.

इंजेक्शनमध्ये ईसीएम हवा मोजायचा प्रयत्न करते. एमएपी सेन्सर इनटेकमधलं प्रेशर सांगते, इनटेकचा टेम्परेचर सेन्सर हवा किती गरम ते, क्रँक सेन्सर इंजिन मिनिटाला किती फिरते ते (आरपीएम), थ्रॉटल सेन्सर तुम्ही किती पिळला आणि किती झटक्यात पिळला ते. यातून सिलिंडरमध्ये किती वजनाची हवा गेली हे काढायचं, त्यावरून पेट्रोल किती लागेल ते, आणि मग इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते.

तुमच्या गाडीचंच गणित करू. 125 सीसीचा सिलिंडर, मे महिन्यातली 45 डिग्रीची हवा, नागपूर समुद्रसपाटीपासून 310 मीटरवर म्हणून हवेचं प्रेशर 97 किलोपास्कलच्या आसपास. सिलिंडर फुल थ्रॉटलला 80 टक्के भरला असं धरलं तर एका वेळी आत जाणारी हवा जवळपास 0.1 ग्रॅम, आणि तिला ई20 लागते 8 मिलिग्रॅमच्या आसपास. 8 मिलिग्रॅम! आणि 6000 आरपीएमला हे काम सेकंदाला 50 वेळा करायचं, म्हणजे प्रत्येक वेळी जास्तीत जास्त 20 मिलिसेकंद हातात. स्लोवर तर इंजेक्टर दोन-अडीच मिलिसेकंदच उघडतो आणि त्यातलाही बराच वेळ त्याच्या आतली सुई उचलण्यातच जाते. बॅटरी कमजोर असली की सुई अजून हळू उचलली जाते, म्हणून ईसीएम व्होल्टेज बघून तेवढी मिलिसेकंदं वाढवून देते. हे सगळं ते आपल्यासाठी गुपचूप करून राहिलं असते.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढे सेन्सर आहेत, पण पेट्रोल मोजणारा एकही नाही. साध्या बाईकमध्ये लाईनमधलं प्रेशर बघणारा सेन्सरही नसते. ईसीएम फक्त वेळ ठरवते आणि धरून चालते की लाईनमध्ये कंपनीनं सांगितलेलं प्रेशर आहेच, बऱ्याच बाईक-स्कूटरमध्ये ते 3 बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास असते. घरचा नळ एक मिनिट उघडा ठेवला तर बादली किती भरेल हे टाकीत प्रेशर किती यावर आहे ना, तसंच. प्रेशर 3 बारवरून 2.4 वर आलं तर तेवढ्याच वेळात पेट्रोल जवळपास साडेदहा टक्के कमी पडते, कारण प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ईसीएमच्या हिशोबात सगळं बरोबर, इंजिन मात्र उपाशी.

मग सकाळी चांगली काहून चालते? सायलेन्सरच्या बेंडमध्ये ऑक्सिजन सेन्सर असते, तो जळून उरलेला ऑक्सिजन बघून सांगते की मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे का रिच. लीन असलं की त्याचं व्होल्टेज 0.1 च्या जवळ, रिच असलं की 0.9 च्या जवळ, आणि चांगल्या गाडीत ते सारखं वर-खाली होत असते. स्लोवर आणि एका वेगात चालताना ईसीएम याचं ऐकून पेट्रोलची वेळ वाढवते-कमी करते, यालाच स्कॅनरवर (ईसीएमला जोडून आतले आकडे वाचायचं यंत्र) फ्युएल ट्रिम म्हणतात. प्रेशर थोडं पडलं तर ते ट्रिम वाढवून झाकून घेते, तुम्हाला कळतही नाही. पण एक्सिलरेटर जोरात पिळला की बहुतेक गाड्यांत ते ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडून आपल्या नकाशावर, म्हणजे कंपनीनं आधीच भरलेल्या आकड्यांवर, जाते, आणि जास्तीचं पेट्रोल पण तेव्हाच लागते. म्हणून पंप कमजोर झाल्याचं पहिलं लक्षण फुल थ्रॉटलला दिसते. तुमचं "60 च्या वर ओढत नाही" हे वाक्य वाचूनच माझं लक्ष पंपाकडे गेलं, ईसीएमकडे नाही.

आणि उन्हातच काहून? पंप टाकीच्या आत असते, पेट्रोलमध्ये बुडालेला, तेच पेट्रोल त्याला थंड ठेवते. आपल्याकडे बऱ्याच जणांना 200 चं पेट्रोल टाकायची सवय, टाकी कायम रिझर्वच्या आसपास, वरून काळी टाकी दुपारभर उन्हात, खालून इंजिनची धग. थोडंसं उरलेलं पेट्रोल पटकन तापते. पंपाच्या पुढची लाईन 3 बारच्या दाबात असते म्हणून तिथे पेट्रोल सहज उकळत नाही, पण पंपाच्या ओढायच्या बाजूला दाब नसतोच, तिथे वाफ तयार होते आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढते. त्यात खालची जाळी, म्हणजे स्ट्रेनर, अर्धी चोक असली तर ओढ अजून वाढते आणि वाफ अजून लवकर धरते. गाडी थांबली, पेट्रोल निवलं, वाफ विरली, की सेल्फवर चालू. तुमची तक्रार आणि हे, तंतोतंत जुळते.

ई20 बद्दल पण सगळे विचारून राहिले आहेत आजकाल. इथेनॉल नागपूरला नवीन नाही, 2014 मध्येच इथे इथेनॉलवरची हिरवी सिटी बस आली होती, पण ती त्यासाठीच बनवलेली होती. ई20 मध्ये शुद्ध पेट्रोलच्या मानाने लिटरमागे ऊर्जाच सहा-सात टक्के कमी, तर एव्हरेज थोडं पडेलच, ते फॉल्ट नाही. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरमुळे वेळ वाढवून घेते, कार्बोरेटरची गाडी मात्र लीन होते. मला जास्त काळजी पाण्याची आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवते, पण एका मर्यादेपर्यंत. पावसाळ्यात झाकणातून पाणी गेलं किंवा गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसते, आणि पंपाची जाळी तळाशीच असते. अशा टाक्यांमधून निघालेल्या जाळ्या मी पाहतो, त्यावर तपकिरी चिकट थर असते आणि तो फुंकून निघत नाही, जाळी बदलावीच लागते.

आता तपासायचं कसं. पहिली तपासणी फुकटची आहे, आजच करा. गाडी झटके मारायला लागली की बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला आणि झाकण उघडल्यावर गाडी लगेच नीट चालली, तर झाकणाचा श्वास बंद आहे किंवा व्हेंटचा पाईप कुठेतरी मुरगळला आहे, टाकीत व्हॅक्यूम होऊन पंपाला पेट्रोल मिळत नाही. आवाज बाहेर येणारा असेल तर तो तापलेल्या टाकीचा दाब आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. झाकण उघडताना जवळ बिडी-सिगरेट पेटवणारा कोणी नको, हे सांगायची वेळ येऊ नये पण सांगतो.

दुसरी, पंपाच्या कपलरवर (वायरच्या जोडावर) व्होल्टेज. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 असेल आणि कपलरवर 12.5, तर दीड व्होल्ट वाटेत कुठेतरी खाऊन राहिले, रिले, अर्थिंग किंवा हिरवट पडलेली पिन. दोन्हींत अर्ध्या व्होल्टच्या वर फरक नसावा. नवीन पंप घेऊन सुद्धा तक्रार तशीच राहते ती बहुतेक यामुळेच.

तिसरी, गेज. हे मेकॅनिककडूनच करून घ्या. आधी पंपाचा कपलर काढून इंजिन आपोआप बंद होऊ द्यायचं म्हणजे लाईनमधला दाब जाते, मग बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, पाईपखाली कापड धरायचं आणि मधात टी आकाराचा जोड लावून गेज (दाब दाखवणारा काटा) जोडायचा. परत सगळं जोडून चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि काटा वर जाऊन थांबते.

मे मध्ये हिंगणा रोडवरून एक स्कूटर आली होती, लक्षणं अगदी तुमच्यासारखी, दोन जागी फिरून आलेली. चावी ऑन केल्यावर काटा 2.9 ला गेला, मालक म्हणाला प्रेशर तर बरोबर आहे. मी म्हटलं थांबा. स्टँडवर लावून इंजिन चालू ठेवलं, टाकीत पेट्रोल होतं तेवढंच राहू दिलं. बराच वेळ काटा हलला नाही. मग हळूहळू थरथरायला लागला, आधी बारीक, मग मोठा, 2.7, 2.5, आणि स्लोवर अजून काहीच कळत नव्हतं, इंजिन एकसारखं चालून राहिलं होतं. रेस दिली तसा काटा 2 च्या खाली आला आणि इंजिननं झटका मारला. स्कॅनरवर त्याच वेळी ट्रिम वाढून मर्यादेला टेकलेलं, फॉल्ट कोड मात्र एकही नाही. टाकीतून पंप बाहेर काढला तर जाळीची एक बाजू पूर्ण बंद. नुसती जाळी बदलून पुन्हा तेवढाच वेळ चालवला, या वेळी 2.6 पर्यंतच पडला पण पडला, म्हणजे पंपाची मोटार पण थकलेली होती, मग पंपही बदलावा लागला. घाईनं थंड्यावर एक आकडा बघून सोडून दिलं असतं तर ती स्कूटर अजून कोणाच्या तरी गॅरेजमध्ये ईसीएमची वाट पाहत उभी असती.

एक दुसरी शक्यता मी लपवणार नाही. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, असं क्रँक सेन्सर म्हणजे पल्सर कॉइल खराब असली तरी होते. फरक असा की ती गेली तर गाडी खाडकन बंद पडते, स्पार्क आणि इंजेक्शन दोन्ही एकदम बंद, आधी झटके मारून ओढणं कमी होणं वगैरे फार नसते. बंद पडल्या पडल्या सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दाखवत असेल तर पल्सर कॉइल बघा. आरपीएम दिसून राहिला तर पेट्रोल बघा. इंजिनच्या टेम्परेचर सेन्सरचा संशय तुमच्याकडे कमी आहे, तो बिघडून इंजिन थंड आहे असं सांगत राहिला तर ईसीएम जास्त पेट्रोल टाकते, प्लग काळा होते, एव्हरेज पडते. तुमचा बदललेला प्लग काढून बघा, पांढरट असेल तर लीन, म्हणजे माझ्या म्हणण्याला जोर.

स्कॅनर नसेल तर काही गाड्यांत मीटरवरचा इंजिनचा दिवा लुकलुकून कोड देते, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे 10 आणि छोटी म्हणजे 1, इंजेक्टरचा 12, ऑक्सिजन सेन्सरचा 21. पण कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही असं समजू नका, वर सांगितलंच, प्रेशर बघणारं कोणी नाही तर त्याचा कोड येणार कुठून.

ईसीएम खराब होते, नाही असं नाही, पाणी गेलं, कोणी चुकीचं वेल्डिंग केलं, बॅटरी उलटी लावली तर. पण रोज सकाळी बरोबर आणि दुपारी गरम झाल्यावर आधी पिकअप मरणार, मग बंद पडणार, हे त्याचं सहसा काम नाही. त्याचा सप्लाय आणि अर्थ न मोजता जो ईसीएम बदला म्हणतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

कार्बोरेटर बसवायचं तर डोक्यातून काढूनच टाका. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं आणि ही गाडी त्याच हिशोबानं बनली आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा पार्ट) मिश्रण बरोबर लागते, सारखं रिच मिळालं तर तो तापून मरते. इग्निशनचं टायमिंगही त्याच ईसीएमकडून येते, इंजेक्शनचे सेन्सर तोडले तर टायमिंगही बिथरणार. पीयूसीत अडकाल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं हेच दाखवेल. शिवाय उतारावर एक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनची गाडी पेट्रोल पूर्ण बंद करते, कार्बोरेटर तेव्हाही पायलट जेटमधून ओतत राहते. जे मिळालं आहे ते चांगलं आहे, फक्त तपासणारा पाहिजे.

ज्यानं इंजेक्टर साफ केला त्याला एक विचारा, कसा केला. बरेच जण बॅटरीचे 12 व्होल्ट सरळ लावून धरून ठेवतात आणि स्प्रे मारतात. आतली कॉइल साधारण 12 ओहमची असते आणि ती क्षणभर चालू-बंद होण्यासाठी बनली आहे, सारखी चालू ठेवली तर तापून जळते. मल्टिमीटरनं एकदा ओहम मोजून घ्या, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. आणि थ्रॉटल बॉडीवरचा रंग लावलेला स्टॉप स्क्रू कोणी फिरवला तर नाही ना, तेही बघा, तो स्लो वाढवायसाठी नसते, कंपनीत सेट करून सील केलेला असते.

प्रेशर पडताना दिसलं तर आधी जाळी बदला, टाकी रिकामी करून आतून कोरडी पुसून घ्या, आणि मग परत गरम करून मोजा, तेव्हाच पंपाचा निर्णय घ्या. पंप बसवताना खालचं रबर सील नवीनच घ्या, ई20 मध्ये फुगलेलं जुनं सील परत नीट बसत नाही आणि टाकीतून पेट्रोल झिरपते. दुरुस्ती झाल्यावर स्कॅनरवरून शिकलेलं फ्युएल ट्रिम रिसेट करायला सांगा, नाहीतर ईसीएम जुन्या कमी प्रेशरच्या हिशोबानं काही दिवस जास्त पेट्रोल टाकत राहील आणि तुम्हाला वाटेल की नवीन पंपानंच एव्हरेज खाल्लं. आणि जूनचा पाऊस येईपर्यंत टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका.